ढावलोची खोली कोणाची

॥ जय सेवालाल ॥

मी, पूनमसिंग वल्द धनसिंग आडे, वय साठ, धंदा शेती, माजी सैनिक, राहणार पिंपळदरी तांडा, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरी, दिवसाउजेडी लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल यवतमाळच्या डॉक्टरांचं तसं मत नाही, पण मृत्युपत्राला बुद्धी लागते, हृदय चाललं नाही तरी चालतं, असं वकील म्हणाले. मी दारू प्यालेलो नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मुलाने दोन-चार वेळा आवाज चढवला, त्याला दबाव म्हणत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि इतकं लिहिण्याचा पुन्हा कंटाळा येणार असल्यामुळे हेच शेवटचं समजावं.

एक खुलासा आधीच करतो. लोक माझ्या नावापुढे नायक लावतात. तांड्याचा नायक मी नव्हे, तो मान देवीलाल राठोड यांचा. मी पलटणीतला नायक, म्हणजे बाहीवर दोन फिती. तांड्याच्या नायकाला भांडणं मिटवावी लागतात. पलटणीतल्या नायकाला फक्त सांगितलं तिथे जावं लागतं, आणि मी गेलो.

कलम पहिलं. शेत. तांड्यामागचं शेत वडिलांकडून आलं आहे, ते कायद्याने मुलाबाळांचं आहेच. त्यातला माझ्या वाट्याचा भाग मी मुलगा राजकुमार याला देत आहे. मुलगी शीला हिची याला हरकत नाही, हे तिने दिवाळीला सगळ्यांसमोर सांगितलं. कपाशी लावायची की सोयाबीन, हे राजकुमारने ठरवावं. मी सांगितलेलं त्याने जिवंतपणी ऐकलं नाही, मेल्यावर कशाला ऐकेल. मात्र शेजारच्या नेमसिंगच्या बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लक्ष ठेवावं. तो धुरा दर पेरणीला आपल्या बाजूला सरकतो. नेमसिंगला विचारलं की तो म्हणतो, “धुरा कुठं सरकते बाप्पा, तुमची नजरच कमजोर झाली.” याच नेमसिंगने मला भर बाजारात ‘फौजी नवरी’ म्हणून हाक मारली होती आणि ते नाव पुढे तांडाभर झालं. त्याचं कारण खाली येईल. मरताना सगळ्यांना माफ करावं म्हणतात. मी नेमसिंगला सोडून बाकी सगळ्यांना माफ केलं आहे.

कलम दुसरं. घर. हे घर मी निवृत्तीच्या पैशातून बांधलं, ते संपूर्ण माझ्या कमाईचं आहे. मागच्या तीन खोल्या, रांधणी, बोअर आणि न्हाणी राजकुमारला. माझी पत्नी हंसाबाई हिला तिच्या हयातीत या घरात राहण्याचा हक्क राहील आणि तो कोणी हिरावू नये. माझ्यामागे तिला जे निवृत्तिवेतन मिळेल ते सरकार देणार आहे, त्यात माझे उपकार नाहीत. रस्त्याकडच्या पुढच्या खोलीबद्दल वेगळं कलम आहे, कारण भांडण तिच्यावरूनच आहे.

कलम तिसरं. किरकोळ वस्तू. पलटणीची काळी पेटी शीलाला द्यावी, तिच्याकडे धान्याला उंदीर फार लागतात. माझा लष्करी लोकरी कोट कोणाला द्यायचा असेल त्याला द्या. यवतमाळ जिल्ह्यात तो कोट घालून कोणी मेलं तर उकाड्यानेच मरेल. पदकं राजकुमारने कपाटात ठेवावीत. ती शाळेला देऊ नयेत. दर सव्वीस जानेवारीला मला शाळेत नेतात, हार घालतात आणि मुलांना कारगिलचं काहीतरी सांगा म्हणतात. मी दरवर्षी तिथल्या थंडीबद्दल बोलतो आणि खाली बसतो. पदकं तिथे गेली तर काचेत ठेवतील आणि मुलांना त्यावर निबंध लिहायला लावतील. त्या मुलांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

कलम चौथं. रस्त्याकडची खोली.

इथे थोडं लांबेल. वाचणाऱ्याने पाणी पिऊन यावं.

कारगिलहून मी परत आलो तेव्हा धडधाकट दिसत होतो. पायाची दोन बोटं बर्फाने नेली होती, पण बुटात ते कळत नाही. वडील वारले तेव्हा मी त्यांच्या पायाशी सावधान उभा होतो. डोळ्यांत टिपूस नव्हता. बाया म्हणाल्या, फौजीचं काळीज मोठं असतं. काळीज मोठं नव्हतं. आत सगळं थिजलं होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. लग्नात फटाके वाजले की मी मांडवातून उठून नाल्याकडे जाऊन बसायचो. गोळ्या घेतल्या. त्यांनी झोप यायची, बाकी काही व्हायचं नाही.

मग यवतमाळला माजी सैनिकांसाठी एका संस्थेने शिबिर ठेवलं. रंजिता मॅडम ते घेत. तेव्हा त्या अगदी तरुण होत्या. त्यांनी आम्हा मिशीवाल्यांच्या हातात रंगीत खडू दिले आणि मनात येईल ते काढा, लिहा, म्हणाल्या. दारव्ह्याच्या एका ड्रायव्हरने रिकामा ट्रक काढला. पुढच्या वेळी पुन्हा ट्रक, पुन्हा रिकामाच. तो अजून ट्रकच काढतो, आणि हल्ली त्यात माणसं बसवायला लागला आहे. मला काही जमेना. मी कागदाला घडी घालून बसून राहायचो. मॅडमनी एक दिवस विचारलं, “पूनमसिंगजी, तुमच्या घरी रडायची पद्धत काय?” बाकीचे हसले. मी नाही हसलो, कारण आमच्याकडे खरोखरच पद्धत आहे.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. आम्हा बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना नुसती रडत नाही. ती ढावलो घालते. आईच्या, बापाच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्यात पडून, सुरात, स्वतः जोडलेल्या शब्दांत रडते. लग्नाआधी जाणत्या बाया तिला ते शिकवतात. आमच्या तांड्यात नियम असा की ओळ पुरी होईपर्यंत गळ्याची मिठी सुटता कामा नये, आणि ज्याच्या गळ्यात पडलं त्याने बोलायचं नाही, समजूत घालायची नाही, फक्त भार घ्यायचा. माझी आई, म्हणजे आमच्या बोलीत याडी, तानाबाई, ही तांड्यातल्या पोरींना ढावलो शिकवायची. पुरुष ढावलो घालत नाहीत. कधी ऐकलेलं नाही.

मी घरी येऊन याडीला म्हटलं, मला शिकव. ती तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि काहूनबिहून न विचारता शिकवायला बसली. तिला नवरीचाच ढावलो येत होता, म्हणून मीही नवरीचाच शिकलो. मराठीत आणला तर पहिली ओळ अशी होते: ‘याडी, उंबरा ओलांडू दिलास, आता मागे वळू देत नाहीत.’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला कळलं की एकोणीस वर्षांचा असताना मी पत्र्याची पेटी घेऊन भरतीला निघालो, तेव्हाही हेच झालं होतं. फक्त मला कोणी रडायला शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी मी याडीच्या गळ्यात पडून रडलो. नेमसिंगने कुडावरून पाहिलं. नवरी हे नाव तिथून पडलं.

पुढच्या शिबिरात मी सगळ्यांसमोर ढावलो घातला. नियमाप्रमाणे गळा लागतो, म्हणून शेजारी बसलेल्या भगवानराव झोटिंग यांच्या गळ्यात पडलो. हे भगवानराव राळेगाव तालुक्यातले, कुणबी, घरची कपाशी-तुरीची शेती, आणि कारगिलला माझ्याच तुकडीत होते. त्यांना ढावलो काय माहीत! त्यांना वाटलं मला झटका आला. त्यांनी मला धरून जमिनीवर आडवं केलं आणि “पाणी आना, कांदा आना” असं ओरडत माझ्या नाकाला त्यांची चप्पल लावली. मी खाली पडून ओळ पुरी केली, कारण ओळ अर्धी सोडायची नसते. त्या दिवशी सगळे इतके हसले की रंजिता मॅडमना शिबिर लवकर सोडावं लागलं. पण पुढच्या वेळी भगवानरावांनी आपणहून शर्टाची कॉलर नीट केली आणि मान पुढे केली.

शिबिर पुढे बंद पडलं. संस्थेचे पैसे संपले असतील. तेव्हा मी ही रस्त्याकडची खोली उघडली. बाजाराच्या दिवशी जे येतात ते बसतात. कोणी खडू घेतो, कोणी चार ओळी लिहून फाडून टाकतो. मी ढावलो जोडतो. आमच्या तुकडीतले जे खाली आले नाहीत त्यांच्यासाठी एकेक जोडला. ‘वीरा, तुझ्या बुटाची दोरी मी बांधली, सोडायला मी नव्हतो.’ वीरा म्हणजे भाऊ. तिथे वर काय झालं ते मी इथे लिहीत नाही. मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते. मी बरा झालो का, असं कोणी विचारलं तर नाही. थकलो आहे. पण फटाके वाजले की आता मांडवात बसून राहतो.

भगवानरावांनी स्वतःचा ढावलो कधीच घातलेला नाही. इतकी वर्षं ते राळेगावहून निघून, यवतमाळला एसटी बदलून येतात, आमचा भार गळ्यावर घेतात, हं म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात. वर शेवटपर्यंत तेच होते. मला आधी खाली आणलं होतं. जे पाहिलं ते त्यांनी कोणालाही सांगितलेलं नाही. दिवाळीत ते घरातून निघून जातात आणि तुरीत जाऊन बसतात. एकदा दोन दिवस सापडले नव्हते, आणि सापडले ते पडक्या विहिरीच्या कठड्यावर. त्यांच्या पत्नी विमलताई त्यानंतर स्वतः माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमच्याइथून आला की हा मानूस दोन घास जेवते, झोपते. तुमची खोली बंद नोका करजा.” यंदा पोळ्यापासून भगवानराव बसल्या बसल्या गुणगुणायला लागले आहेत. शब्द नाहीत, नुसता सूर. ते तोंड उघडण्याच्या जवळ आले आहेत आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे. या मृत्युपत्रात मला खरी काळजी एवढीच आहे. बाकीची कलमं वहिवाट म्हणून लिहिली.

राजकुमारला तिथे कृषी केंद्र टाकायचं आहे. त्याचंही चुकत नाही. रस्त्यावरची जागा आहे, बी-बियाणं घ्यायला लोकांना आर्णीपर्यंत जावं लागतं. तो मला म्हणाला, “बापू, रोडची खोली हाये. लोक तिथं धंदा टाकते, तुमी रडायले ठेवली. बाजारात लोक मले पाहून हासते.” मी म्हटलं, हसू दे. तो म्हणाला, “तुमाले सोपं हाये. तुमी कारगिलवाले. मी कोन हाये?”

तरी मी असं लिहितो की, सदर खोली माझ्या पश्चात माजी सैनिकांच्या बसण्यासाठी राखून ठेवावी, तिचा ताबा भगवानराव झोटिंग यांच्याकडे त्यांच्या हयातीत राहावा, आणि राजकुमारने तिला कुलूप लावू नये, भाड्याने देऊ नये, त्यात खताची पोती ठेवू नयेत.

कलम पाचवं. माझे अंत्यविधी. तांड्याच्या रीतीप्रमाणे करावेत. लाऊडस्पीकर लावू नये. पुढारी आले तर त्यांना चहा द्यावा, माईक देऊ नये. ‘अमर रहे’ म्हणू नये. जे अमर राहतील असं आम्ही मोठ्याने ओरडलो होतो, ते राहिले नाहीत.

इथवर लिहून मी हा मसुदा आज साक्षीदारांसमोर वाचला. देवीलाल नायक आणि रंजिता मॅडम, दोघेही रस्त्याकडच्या खोलीतच बसले होते. राजकुमार दाराला टेकून उभा होता. आज बाजाराचा दिवस, म्हणून भगवानरावही होते. चौथ्या कलमावर राजकुमार काहीतरी बोलेल म्हणून मी तयारीत होतो. बोलले मात्र भगवानराव. इतक्या वर्षांत त्यांनी या खोलीत सलग इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

ते म्हणाले, “पूनमभाऊ, खोली देऊन राह्यला तू मले. खोलीचं काय करू? तू गेल्यावर म्या इथं कोनाच्या गळ्यात पडू? भिंतीच्या?”

मी वाचायचा थांबलो. मॅडमनी मान खाली घातली. मीही घातली असती, पण कागद हातात होता. इतके दिवस मी भिंती, दार, कुलूप, ताबा यांची कलमं खोडत आणि लिहीत बसलो होतो, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. गळा कोणाच्या नावे करून ठेवता येत नाही. तसं कलम कोणत्याही कायद्यात नाही.

तेवढ्यात हंसाबाई चहा घेऊन आली. ही माझी पत्नी. आमची बैठक भरते तेव्हा ती ओट्यावर असते, चहा देते, कप नेते. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो (राजकुमारचं बोलणं वर मीच वऱ्हाडीत आणलं आहे), पण ती आज वऱ्हाडीत बोलली, भगवानरावांना कळावं म्हणून. ती म्हणाली, “भिंतीच्या कायले? माहा गळा हाये ना भाऊ.”

भगवानराव म्हणाले, “वहिनी, तुमी?”

“मी. ढावलो बायाचाच असते. ह्यायनं माह्या सासूपासून उसना घेतला अन् खोलीत घेऊन बसले. मले येत नाई का? मी माह्या लग्नात असा घातला होता का बैलंबी थांबले होते.” तिने ट्रे राजकुमारच्या हातात दिला. “अन् तुमी सारे म्हनता, वर होतो, वर होतो. खाली कोन होतं? पोस्टमनची सायकल तांड्यात आली का मी घरात पळत होती अन् आतून कडी लावून घेत होती. चिठ्ठी हाये का तार, काय मालूम. हा राजकुमार दारावर धडका मारे, याडी उघड, याडी उघड. म्या उघडलं नाई. आजबी सायकलची घंटी वाजली का माह्ये हात थंडे पडते. कोनी इचारलं मले? चहा आन, म्हनलं, म्या आनला.”

मी तिला इतक्या वर्षांत हे विचारलेलं नाही. लाज वाटली, आणि ती वाटली असं मी इथे स्वच्छ लिहितो. राजकुमार ट्रे धरून उभा होता. त्याला ते दार आठवत होतं, हे त्याच्या तोंडावरून कोणालाही कळलं असतं.

हंसाबाई म्हणाली, “मलेबी एक घालायचा हाये. आधी माहा होईन, मंग भाऊचा. अन् तुमी तो कागद नीट लिहा.”

म्हणून कागद नीट लिहितो.

कलम चौथ्यातला ताब्याबद्दलचा आणि कुलूप, भाडं, पोती याबद्दलचा मजकूर मी माझ्या हाताने खोडला आहे आणि खोडाखोडीवर आद्याक्षर केलं आहे. त्याजागी असं समजावं: रस्त्याकडची खोली मी माझी पत्नी हंसाबाई पूनमसिंग आडे हिला कायम मालकी हक्काने देत आहे. तिने तिथे कोणाला बसवावं, कोणाला उठवावं, कृषी केंद्र टाकू द्यावं की नाही, हे तीच ठरवील. मी, राजकुमार, किंवा कोणी माजी सैनिक, यांचा त्यात शब्द राहणार नाही.

तिने पहिला हुकूम लगेच दिला. आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, भगवानराव सोडून. सबब या मृत्युपत्रावरच्या सह्या घरात न होता ओट्यावर होत आहेत, याची नोंद असावी. देवीलाल नायक पायरीवर बसले आहेत, मॅडम बाजेवर. राजकुमारने ट्रे खाली ठेवला, दार हळूच ओढून घेतलं आणि रस्त्यात जाऊन उभा राहिला. कापसाची एक गाडी हॉर्न वाजवत येत होती. त्याने दोन्ही हात वर करून ती थांबवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “हार्न नोको मारू भाऊ. अंदर माही माय हाये.”

आत हंसाबाईचा ढावलो सुरू आहे. शब्द मला इथून ऐकू येतात, पण ते तिचे आहेत, मी लिहिणार नाही. तिची ओळ पुरी होण्याची आम्ही वाट पाहत होतो. ती पुरी झाली. आता दुसरा आवाज आला आहे, पुरुषाचा, आणि त्यात शब्द आहेत.

वरील सर्व मजकूर माझ्या इच्छेप्रमाणे आहे. तो मी वाचला, वाचून दाखवला आणि समजून त्याखाली सही करत आहे. भगवानरावांची ओळ पुरी होईपर्यंत मी पेन टेकवलं नाही. हे खालील साक्षीदारांनी समोर बसून पाहिलं आहे.

ठिकाण: पिंपळदरी तांडा, घराचा ओटा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही)
पूनमसिंग धनसिंग आडे
नायक, निवृत्त

साक्षीदार:

१) (सही) देवीलाल हरसिंग राठोड, तांड्याचे नायक, राहणार पिंपळदरी तांडा

२) (सही) रंजिता मनोहर काळबांडे, राहणार लोहारा, यवतमाळ. पूनमसिंगजींनी माझ्यासमोर सही केली. आतला आवाज मीही ऐकला.